ठासणीची बंदूक, कमरेचा कट्टा

वाशिमच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर एरवी कॅमेरे येतात ते मोर्चासाठी. ११ जुलै २०२४ ला मात्र मराठी, हिंदी, इंग्रजी अशा सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या तिथं लागल्या. पुण्याहून बदली झालेल्या प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर त्या दिवशी रुजू झाल्या. खासगी गाडीवरचा दिवा, स्वतंत्र दालनाची मागणी, प्रमाणपत्रांवरच्या शंका हे सगळं त्यांच्यासोबतच आलं होतं. दुसऱ्या दिवशी एक जुना व्हिडिओ फिरू लागला. त्यात त्यांच्या आई मनोरमा खेडकर पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादातून शेतकऱ्यांशी हुज्जत घालताना दिसत होत्या, आणि हातात पिस्तूल होतं. प्रसंग जून २०२३ चा. वर्षभर तो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये पडून होता. लेक बातमीत आली, तेव्हा तोही बाहेर आला. पौड पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पुणे पोलिसांनी शस्त्रपरवाना का रद्द करू नये अशी नोटीस काढली आणि १८ जुलैला रायगडाच्या पायथ्याशी, पाचाड भागातल्या एका लॉजमधून त्यांना अटक झाली. पुढं जामीनही मिळाला. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल.

वाशिमात अंबर दिव्याची चर्चा महिनाभरात विझली. पिस्तुलाची अजून चालते. पाटणी चौकातल्या चहावर हा विषय निघाला की पहिला सवाल ठरलेला: परवाना होता का? होता, म्हटलं की लोक शांत व्हायला हवेत. होतं उलटंच. परवाना होता हे कळल्यावर आवाज चढतो.

मला यात या जिल्ह्याचं सगळं मत सापडतं. विनापरवाना बंदूक बाळगू द्यावी असं इथं कुणी म्हणत नाही. रिसोडच्या बाजारात नाही, कारंज्याच्या सराफ्यात नाही, मानोऱ्याच्या तांड्यावरही नाही. कट्टा सापडला की पोरगं आत गेलंच पाहिजे, यावर दुमत नाही. पण परवाना असलेल्याकडं लोक ज्या नजरेनं बघतात, ती कायदा मानणाऱ्याची नजर नव्हे. परवाना ही त्यांच्या लेखी वजनदार माणसाला मिळणारी आणखी एक सवलत आहे, पेट्रोल पंपासारखी किंवा ठेक्यासारखी.

असं का झालं याला २०२४ या एका वर्षानं भरपूर कारणं पुरवली. २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे पदाधिकारी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये समाजमाध्यमाचं थेट प्रक्षेपण चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. मारेकऱ्यानं वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं. ९ डिसेंबरला बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ती गोळीनं झाली नव्हती. तरीही त्यानंतर बीडच्या बंदुकांचा हिशेब चव्हाट्यावर आला. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने, आणि शेजारच्या परभणीत जेमतेम तीन डझन. हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ आले. मग फेरतपासणी झाली, परवाने रद्द होऊ लागले. इतके दिवस या सगळ्यांच्या जिवाला धोका होता, आणि सरपंचाच्या खुनानंतर तो एकाएकी कमी कसा झाला, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण गावातल्या चर्चेत तो क्वचितच येतो.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं तिसरं कलम सांगतं की परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं शिक्षा वाढवली. साधा गावठी कट्टा जवळ सापडला तरी किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच, वर दंड. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. लग्नात, मिरवणुकीत हौसेनं बार काढणाऱ्यासाठी वेगळी तरतूद आली: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली.

वाशिमसारख्या पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्ज गृह शाखेत जातो, पोलिसांचा अहवाल येतो, हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा कागद लागतो. तिसऱ्या कलमाखाली खटला भरायचा तर पूर्वमंजुरीही त्याच जिल्हा दंडाधिकाऱ्यांची लागते. म्हणजे बंदूक द्यायची कुणाला आणि बंदुकीपायी कोर्टात उभं करायचं कुणाला, या दोन्ही सह्या एकाच दालनात होतात. ज्या इमारतीत खेडकरबाई प्रशिक्षणासाठी आल्या होत्या, तिथंच.

पण या कायद्यातली सगळ्यात रंजक जागा तेरावं कलम आहे, आणि ती मला तरी एकाही शेतकऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाली नाही. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्यानं सबळ कारण दाखवावं, मग अधिकाऱ्याला पटलं तर परवाना, असं ते कलम सांगतं. मात्र पिकाच्या राखणीसाठी कुणी खरोखर ठासणीची बंदूक मागितली, तर कायद्याची भाषा बदलते. तिथं परवाना द्यावा असं म्हटलं आहे. ठासणीची पुरेशी नसेल तर दुसरी साध्या नळीची बंदूकही देता येते. चौदावं कलम आणखी पुढं जातं. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणानं परवाना नाकारता येणार नाही. सार्वजनिक शांततेच्या वगैरे कारणांनी नाकारायचा अधिकार आहेच, पण गरिबी हे कारण नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं वावरात जागलीला बसलेला माणूस होता. आज परवानाधारक म्हटल्यावर डोळ्यांपुढं येतो तो पांढऱ्या गाडीतला, कमरेला चामड्याचं पाकीट लावलेला.

आणि जागलीला बसलेला माणूस आजही बसतोच आहे. मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कुठल्याही तालुक्यात सोयाबीन शेंगेवर आलं की रात्र वावरात काढावी लागते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत एकराचा फडशा पाडतो. सोयाबीन निघालं की हरभऱ्याचे कोंब रोही, म्हणजे नीलगाई, खुडतात, मग तुरीवर दोघंही. माळ्यावर बॅटरी, डबा, सुतळी बॉम्ब, कार्बाइड घालून फोडायचा पाईप. ज्यांना परवडतं ते झटका मशीन लावतात. ज्यांना परवडत नाही त्यांतले काही थेट लाइनवरून तारेत करंट सोडतात. विदर्भात त्या तारेनं डुकरांबरोबर माणसंही मारली आहेत, कधी शेजारी, कधी तार लावणारा स्वतः.

राज्य सरकारनं २०१५ मध्ये पिकांचं नुकसान करणारी रानडुकरं आणि रोही मारायला परवानगी देण्याची पद्धत सोपी केली.  वन विभागाकडे अर्ज करा, पंचनामा होईल, परवानगी मिळेल. त्या कागदावर डुक्कर मारायची मुभा असते. मारायचं कशानं? बंदूक परवानाधारकाचीच हवी. आणि परवानाधारक म्हणजे गावातले दोन-तीन घरंदाज लोक किंवा शहरातला ठेकेदार. तो काय रात्री बारा वाजता दुसऱ्याच्या तुरीत बसणार? केरळनं २०२२ मध्ये यावर एक तोड काढली. रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला आणि परवानाधारक नेमबाजांची यादी त्यांच्या हाती ठेवली. तिथंही वाद आहेत, पण निदान गोळी कुणी झाडायची हे ठरलेलं आहे. आपल्याकडं परवानगी शेतकऱ्याच्या खिशात आणि बंदूक वाड्याच्या भिंतीवर.

इथं लोकमताला एक बारीक चीर जाते. एखाद्या शिवारात रात्री बार वाजला, सकाळी मटणाचा वाटा झाला, तर गाव तोंड उघडत नाही. तीच विनापरवाना बंदूक, तेच तिसरं कलम, पण ठासणीची असेल आणि डुकरावर चालली असेल तर गावाच्या लेखी तो गुन्हा नाही. कट्टा मात्र गुन्हाच. कायदा नळीकडं बघतो, गाव ती कशावर रोखली हे बघतं. मी गावाच्या बाजूनं झुकतो, हे लपवत नाही. पण अंधारात वावरात झाडलेल्या गोळीला डुक्कर कोणतं आणि शेजारचा जागल्या कोणता हे कळत नसतं, हेही तेवढंच खरं.

कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या बाजूला गेलात तर बंदुकीचा विषय आणखी वेगळा वाजतो. काळवीटांचं हे माळरान कारंजा आणि मानोरा तालुक्यांच्या मध्ये आहे, आणि आसपास फासेपारध्यांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारा हा समाज. त्याचं हत्यार फास. बंदूक कधी नव्हतीच. तरीही १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या धोरणानं पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. बार कुणीही काढो, चौकशीची गाडी आधी बेड्यावर थांबते, ही तिथली जुनी तक्रार. बंदूक बाळगण्याबद्दल त्यांचं मत काय, असं विचारायला गेलं की ते हसतात. त्यांना आधी रेशनकार्ड आणि जातीचा दाखला हवा असतो.

हा मुलूख मुळात निःशस्त्र नव्हता. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर हटकर नाईकांच्या गढ्या होत्या. त्यांच्यातल्या नोवसाजी नाईकानं निजामाच्या फौजेला झुंजवलं, आणि १८१९ मध्ये त्याची गढी पडली. पुढं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १८७८ च्या लिटनच्या शस्त्र कायद्यानं गोऱ्यांना मोकळीक, काळ्यांना परवाना अशी वाटणी केली. त्या अपमानाची आठवण इतकी ताजी होती, की १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला.

तो हक्क घटनेत यावा म्हणून डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत दुरुस्ती मांडणारे ह. वि. कामत मध्य प्रांत आणि वऱ्हाडचेच प्रतिनिधी होते. आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या मागं गेलेला हा माणूस. इंग्रजांनी हिरावलेलं परत द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. बाबासाहेब आंबेडकरांनी सरसकट मूलभूत हक्क म्हणून ते मान्य करायला नकार दिला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशातल्या एका खून खटल्यात विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा न्यायमूर्तींनी हाच मुद्दा काढला: अमेरिकेच्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आपल्या घटनाकारांनी तो शहाणपणानं दिलेला नाही.

अमेरिकेचं उदाहरण आता वाशिमलाही परकं राहिलेलं नाही. पोरं टेक्सासात आहेत, ओहायोत आहेत. तिथल्या २९ राज्यांत आज सज्ञान माणूस परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरू शकतो. व्हरमाँटमध्ये तर परवाना कधी नव्हताच. गंमत अशी, की तिथल्याही जनमत चाचण्यांत मोठं बहुमत परवान्याशिवाय फिरू देण्याच्या विरोधात असतं, आणि तरीही राज्यं एकामागून एक कायदे करत गेली. आपल्या देशातही एक अपवाद आहे. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडव समाजाला इंग्रजी अमदानीपासून परवान्यातून सूट आहे आणि केंद्रानं ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. मात्र तिथं बंदूक देवघरातल्या टाकासारखी पुजली जाते. ती रीत पाठीशी नसताना नुसती सूट उचलून आणायची म्हटलं, तर काय होईल याची कल्पना करायला उत्तर प्रदेश पुरेसं आहे.

आकडे बघा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार २०१६ अखेर उत्तर प्रदेशात १२.७७ लाख शस्त्रपरवाने होते, महाराष्ट्रात ८४ हजार. म्हणजे परवान्याच्या बाबतीत आपलं राज्य हात आखडूनच आहे. पण स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका असाव्यात, आणि त्यांतल्या नोंदलेल्या एक कोटीही नाहीत. सातांतल्या सहा कागदावर नाहीतच.

त्या येतात कुठून? आपल्या भागापुरतं उत्तर सातपुड्यात आहे. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी आणि बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी या गावांची नावं महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या तोंडी रोजची झाली आहेत. शिकलीगर कारागीर, पूर्वी राजेरजवाड्यांची हत्यारं घडवणारे. आज त्यांतले काही पिस्तुलं घडवतात. बुलढाणा जिल्ह्यात सोनाळा-टुनकीच्या बाजूनं माल उतरतो आणि अकोला, वाशिमपर्यंत झिरपतो. पुण्यातल्या टोळ्यांपासून गल्लीतल्या भाऊपर्यंत गिऱ्हाईक तयार असतं. स्थानिक गुन्हे शाखेच्या प्रेसनोटचा साचाही पाठ झालाय: एक देशी कट्टा, दोन जिवंत काडतुसं, एक मोबाईल, एक दुचाकी. शेवटी फोटो, ज्यात पोरगा मान खाली घालून उभा. विकणाऱ्याचा फोटो फारच क्वचित.

त्या पोराला ‘घोडा’, म्हणजे पिस्तूल, कशाला हवा होता? मारायला, असं उत्तर फार थोड्या वेळा निघतं. बहुतेकांना तो स्टेटसला लावायचा असतो. ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा आला २०१८ मध्ये. जमीन विकून देशोधडीला लागलेल्या घरातलं पोर गुन्हेगारीत कसं ओढलं जातं, हा त्याचा विषय. प्रेक्षकांतल्या अनेकांनी त्यातली जमीन सोडून दिली आणि कंबर तेवढी घेतली. वाढदिवसाला तलवारीनं केक कापणं ही त्याच शाळेतली पहिली इयत्ता. त्यावरही शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे दाखल होतात, आणि जामिनावर सुटल्यावर बॅनर लागतात. या बॅनरवर वर गोलात ज्यांचे फोटो असतात, त्यांतल्या किती जणांकडे रीतसर परवाना आहे, हे एकदा कुणी तपासावं.

बायकांचं मत मात्र या सगळ्या चर्चेत कुणी मागत नाही. मागितलं तर त्या घोळ घालत नाहीत. ज्या घरात संध्याकाळी बाटली येते तिथं बंदूक यायला नको, मग ती परवान्याची असो की बिनपरवान्याची. मला हे मत तज्ज्ञांच्या मतापेक्षा जड वाटतं, आणि त्याला या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे.

पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जुलै २००६ मध्ये विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. वाशिम त्या सहांत होता. तेव्हापासून आपण कर्ज, भाव, सिंचन यांवर बोलत आलो, आणि ते बरोबरच आहे. पण माणूस ज्या घटकेला खचतो, त्या घटकेला हाताशी काय आहे, यावर फार कमी बोललो. श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. दुःख संपलं नव्हतं, ती वेळ टळत होती. विष घेतलेल्याला कारंज्याच्या किंवा वाशिमच्या दवाखान्यात पोचवायला निदान काही तास मिळतात, आणि पुष्कळ जण वाचतात. बंदूक तेवढी सवड देत नाही. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घराघरांत परवान्याविना बंदूक असू द्या म्हणणाऱ्यानं मुळशीतल्या व्हिडिओचा विचार नंतर करावा. आधी पावसानं सोयाबीन काळं पडलेल्या वर्षातली एखाद्या घरातली रात्र डोळ्यांपुढं आणावी.

म्हणून शेतकऱ्याला ठासणीची द्या, हे म्हणताना माझाही हात अडखळतो. मधली वाट आहे. बंदूक घराघरांत नको. गावागणिक नोंदलेली, पोलीस पाटलाच्या किंवा वनरक्षकाच्या देखरेखीत कुलपात राहणारी, हंगामापुरती निघणारी, आणि चालवणारा माणूस प्रशिक्षण घेतलेला. निवडणूक आली की परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतल्या जातात, नंतर परत दिल्या जातात. जमा-खर्चाची ही सवय यंत्रणेला आहेच. मतदानासाठी जे जमतं ते तुरीसाठी का जमू नये?

त्याआधी एक बिनखर्चाचं काम आहे. बीडमधल्या परवान्यांचा आकडा लोकांना कळायला सरपंचाचा जीव जावा लागला. वाशिमच्या गृह शाखेनं दर दिवाळीला जिल्ह्याच्या सहा तालुक्यांचा तक्ता फलकावर लावावा. नावं नकोत. परवाने किती, त्यांतले स्वसंरक्षणाचे किती, पीकसंरक्षणाचे किती, यंदा अर्ज किती आले, नाकारले किती आणि कोणत्या कारणानं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनापरवाना शस्त्रांचा बंदोबस्त करण्यासाठी राज्यांना मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमायला सांगितलं, तेव्हा ही माहिती गोळा करणं तसंही चुकणार नाही. तक्ता लागला की मानोऱ्याकडचा शेतकरी वरची मोठी बेरीज बघणार नाही. तो बोट फिरवत पीकसंरक्षणाच्या रकान्यापाशी येईल आणि आपल्या तालुक्यासमोर काय लिहिलंय ते वाचेल.